लेबलाचे आयुष्य आणि थर्मल प्रिंटरची निवड

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील श्रीगोंदा तालुका ऊस, लिंबू आणि दूध यांसाठी ओळखला जातो, आणि साखर कारखाने, काष्टीचा जनावरांचा बाजार व दौंड–मनमाड लोहमार्ग यांच्याभोवती त्याचे अर्थकारण आजवर फिरत आले आहे. या ठळक व्यवहारांच्या जोडीला, ग्रामीण महाराष्ट्रात इतरत्र घडते आहे तसेच, घरातून होणारी विक्रीही आता मूळ धरू लागली आहे. लिंबाचे लोणचे, मसाले, पापड-कुरडया, शिवलेले कपडे, गोधड्या अशा वस्तू व्हॉट्सॲपवरून किंवा ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या ई-बाजारपेठांवरून विकल्या जातात आणि पोस्टाने किंवा कुरिअरने दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचतात. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची उलाढाल-मर्यादा न ओलांडलेल्या वस्तुविक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन आपल्या राज्याच्या हद्दीत ई-बाजारपेठांवर विक्री करण्याची मुभा मिळाली, त्यामुळे अशा घरांची वाट बरीच सोपी झाली आहे. रोजची पार्सले वाढू लागली की या घरांत जे पहिले कार्यालयीन यंत्र येते ते बहुधा लेबल छापणारा थर्मल प्रिंटर असते, आणि त्याची निवड बहुतेक वेळा किंमत, छपाईचा वेग व जाहिरातीतील छायाचित्र एवढ्यावरच उरकली जाते. वास्तविक या निवडीत सर्वप्रथम ठरवायची गोष्ट प्रिंटरची नसून लेबलाची आहे : छापलेला मजकूर किती दिवस, कोणत्या उन्हात, कोणाच्या हातात वाचता आला पाहिजे, हे एकदा निश्चित झाले की यंत्राचा प्रकार, रुंदी आणि कागद या बाबी जवळजवळ आपोआप ठरतात.

थर्मल छपाई म्हणजे उष्णतेने केलेली छपाई. या तंत्राच्या जनकांमध्ये, इंटिग्रेटेड सर्किटच्या शोधासाठी पुढे २००० साली नोबेल पारितोषिक मिळवणारे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीतील अभियंते जॅक किल्बी यांचे नाव घेतले जाते. या प्रिंटरमध्ये शाईची बाटली नसते की टोनरही नसतो. कागदाच्या रुंदीएवढी एक अरुंद पट्टी असते, तिला प्रिंट हेड म्हणतात, आणि तिच्यावर अतिसूक्ष्म तापणारे बिंदू एका ओळीत बसवलेले असतात. कागद या पट्टीखालून सरकत असताना हवे ते बिंदू क्षणार्धात तापतात व थंड होतात, आणि जेथे उष्णता लागते तेथे कागद काळा होतो. हे घडते ते कागदावरील लेपामुळे : त्या लेपात एक मूळचा रंगहीन रंजक असतो आणि त्याला रंग आणणारे एक आम्लधर्मी द्रव्य असते, ही दोन्ही घनरूपात शेजारी-शेजारी असतात, आणि उष्णतेने लेप वितळला की ती एकमेकांत मिसळून रंजकाच्या रेणूची रचना बदलते व काळा रंग उमटतो. विड्यातील काथ आणि चुना वेगवेगळे असेपर्यंत लाल नसतात, एकत्र आल्यावरच रंगतात, तसाच हा प्रकार आहे. शाईविना, केवळ कागदाच्या लेपातून होणाऱ्या या छपाईला बाजारात डायरेक्ट थर्मल म्हणतात, आणि दुकानदार तिच्या लेबलांना थोडक्यात डीटी लेबले म्हणतात. कागद डीटी आहे की साधा, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्यावर नख जोराने घासून पाहणे. घर्षणाच्या उष्णतेने डीटी कागदावर करडी रेघ उमटते, साध्या कागदावर उमटत नाही.

ज्या रसायनाने ही छपाई इतकी सोपी केली त्याच रसायनात तिची मर्यादाही आहे. लेपाला उष्णता कोठून आली याचे भान नसते. हेडने दिलेली उष्णता असो की उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील उष्णता असो, ती पुरेशी वाढली की संपूर्ण लेबल करडे पडू लागते आणि काळ्या रेघा व पांढरी पार्श्वभूमी यांतील फरक कमी होतो. साध्या प्रतीचा डीटी कागद सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे काळवंडू लागतो, आणि ज्या भागात एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते तेथे पत्र्याच्या छपराखाली किंवा टेम्पोच्या काचेमागे एवढी उष्णता साठणे अशक्य नाही. दुसरीकडे, सतत पडणारा सूर्यप्रकाश छपाई फिकी करतो. तेलाचे बोट लागले, लोणच्याच्या बरणीवरून तेल ओघळले, किंवा मऊ प्लास्टिकमधील नरम करणारी द्रव्ये लेपात झिरपली, तर रंजक व आम्लधर्मी द्रव्य यांचे मीलन मोडते आणि अक्षरे हळूहळू विरून जातात. सॅनिटायझरमधील अल्कोहोल लेपच विरघळवते, त्यामुळे तेथे काळे डाग पडतात. याच कारणाने एक सर्रास दिसणारी सवय टाळली पाहिजे. लेबल भिजू नये म्हणून त्यावर सेलोटेप चिकटवला जातो, परंतु टेपच्या गोंदाने डीटी छपाई उडण्याचा धोका असतो आणि टेपच्या चकाकीमुळे बारकोड वाचणाऱ्या यंत्रालाही अडचण येते. पावसाळ्यात पार्सल भिजण्याची भीती असेल तर कागदासाठी पारदर्शक कप्पा असलेली कुरिअर पिशवी वापरणे, किंवा वरून संरक्षक थर दिलेली, टॉप कोटेड म्हणून मिळणारी डीटी लेबले घेणे, हे दोन्ही उपाय टेपपेक्षा चांगले आहेत.

थर्मल छपाईचा दुसरा प्रकार थर्मल ट्रान्सफर हा होय. यात कागदावर कोणताही विशेष लेप नसतो; हेड आणि लेबल यांच्यामधून एक काळी रिबन सरकते, हेडच्या उष्णतेने रिबनवरील रंगद्रव्य वितळते आणि ते लेबलावर जाऊन बसते. रिबनचे रंगद्रव्य मेणाचे, मेण व राळ यांच्या मिश्रणाचे किंवा निव्वळ राळेचे असते. मेणाची रिबन स्वस्त असते आणि क्रोमो नावाने मिळणाऱ्या गुळगुळीत कागदी लेबलांवर चांगली बसते, परंतु नखाने खरवडली जाऊ शकते. मिश्र रिबन घासणे अधिक सोसते. राळेची रिबन प्लास्टिकच्या लेबलांवर वापरली जाते आणि तेल, पाणी, घर्षण या तिन्हींना पुरून उरते. येथे रंग कागदाच्या रसायनातून आलेला नसल्यामुळे उष्णतेने पार्श्वभूमी काळवंडत नाही आणि मजकूर महिनोन् महिने टिकतो. त्याची किंमत अर्थातच मोजावी लागते, कारण यंत्र महाग असते, रिबन ही वेगळी खरेदी होते, ती बसवण्यात सुरुवातीला वेळ जातो, आणि लेबल व रिबन यांची जोडी चुकली तर छपाई पुसली जाते. एक सोय मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही : बहुतेक ट्रान्सफर प्रिंटर रिबन काढून, सेटिंग बदलून, डीटी लेबलेही छापू शकतात, मात्र केवळ डायरेक्ट थर्मल असलेल्या यंत्रात रिबन बसवण्याची जागाच नसते.

या दोन प्रकारांतून निवड करताना घरगुती विक्रेत्याने आपल्या घरातून बाहेर पडणारी लेबले दोन कुळांची असतात हे ध्यानात घ्यावे. पहिले कूळ पाठवणीच्या लेबलाचे. त्यावर घेणाऱ्याचे नाव-पत्ता, बारकोड, आणि वस्तू पोचल्यावर पैसे घ्यायचे असतील तर ती रक्कम असते, आणि पार्सल ग्राहकाच्या हाती पडले की त्याचे काम संपते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पाठवायच्या वस्तूसाठी हे आयुष्य बहुधा आठवड्याभराचे असते आणि परत आलेले पार्सल धरले तरी ते महिन्याच्या आत संपते. या कामाला डायरेक्ट थर्मल पुरेसे आहे, आणि त्यासाठी रिबनचा खर्च करणे हा अपव्यय होय. दुसरे कूळ मालावरच्या लेबलाचे, म्हणजे बरणीवर, मसाल्याच्या पाकिटावर किंवा कपड्याच्या चिठ्ठीवर लागणाऱ्या लेबलाचे. लोणच्याची बरणी ग्राहकाच्या फडताळात अनेक महिने राहते, तिला तेलाचे हात लागतात, ती ओल्या फडक्याने पुसली जाते, आणि एवढे होऊनही तिच्यावरील उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक व वापरण्याची मुदत शेवटचा घास संपेपर्यंत वाचता येणे आवश्यक असते. डायरेक्ट थर्मल लेबल येथे निश्चितपणे अपुरे पडते. श्रीगोंद्यासारख्या लिंबाच्या मुलखात लोणचे हाच ज्यांचा मुख्य माल आहे, त्यांच्यासाठी हा भेद प्रिंटरच्या इतर सर्व वैशिष्ट्यांपेक्षा मोठा आहे.

खाद्यपदार्थांच्या लेबलाला कायद्याचीही चौकट आहे. वेष्टनबंद वस्तूंबाबतच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा काळ आणि ग्राहक-तक्रारीसाठी संपर्क यांसारखी माहिती द्यावी लागते, आणि अंक-अक्षरांची किमान उंचीही ठरवून दिलेली आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार त्यात घटकपदार्थ, पोषणमूल्ये, १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आणि शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह यांची भर पडते. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावी लागते आणि मराठी मजकूर तिच्या जोडीने देता येतो, म्हणून केवळ मराठीत छापलेले सुंदर लेबल नियमांच्या कसोटीवर अपुरे ठरू शकते. थर्मल प्रिंटरच्या दृष्टीने यातील सर्वांत अडचणीची बाब म्हणजे शाकाहाराचे चिन्ह, कारण ते हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ असते आणि थर्मल प्रिंटर एका वेळी एकच रंग, तोही बहुधा काळा, छापतो. या अडचणीवर छोट्या उद्योगांनी शोधलेली तोड फार शहाणपणाची आहे. नाव, चित्र, हिरवे चिन्ह, घटकपदार्थ असा न बदलणारा मजकूर छापखान्यातून रंगीत छापलेल्या लेबलांच्या रोलवर आधीच घेतला जातो आणि त्यात एक कोरी चौकट ठेवली जाते; बॅच, तारीख, किंमत असा बदलता मजकूर त्या चौकटीत घरच्या ट्रान्सफर प्रिंटरने छापला जातो. यामुळे प्रत्येक बॅचसाठी छापखान्याकडे धाव घ्यावी लागत नाही आणि जुन्या तारखेची लेबले वायाही जात नाहीत. बचत गटांनी एकत्र येऊन असा रोल घेतला तर छपाईचा खर्च आणखी विभागला जाऊ शकतो.

प्रकार ठरल्यावर रुंदीचा विचार येतो. ई-बाजारपेठांच्या पाठवणीच्या लेबलांसाठी सुमारे १०० बाय १५० मिलिमीटर, म्हणजे बोलीभाषेत ४ बाय ६ इंचाचे, लेबल सर्वमान्य झाले आहे, आणि त्यासाठी ४ इंची हेड असलेला प्रिंटर लागतो. बिले छापणारे २ किंवा ३ इंची छोटे प्रिंटर स्वस्त असतात, परंतु त्यांतील बरेच केवळ सलग कागदावर छापतात. एकामागोमाग एक चिकटवलेली लेबले कोठे संपतात हे ओळखण्यासाठी जो गॅप सेन्सर लागतो तो त्यांत असतोच असे नाही. गॅप सेन्सर लेबलांमधील पारदर्शक फट प्रकाशाने हेरतो, तर काही रोलांच्या पाठीवर काळी खूण असते आणि ती वाचण्यासाठी वेगळा सेन्सर लागतो. नवा रोल बसवल्यावर प्रत्येक लेबल थोडे थोडे सरकून छापले जात असेल तर यंत्र बिघडले असे समजण्याआधी त्याला लेबलाचे माप पुन्हा शिकवावे, म्हणजे कॅलिब्रेशन करावे. व्हॉट्सॲपवरून ऑर्डर घेऊन पोस्टाने माल पाठवणाऱ्या घराची गरज याहून लहान असते, कारण स्पीड पोस्टचे १३ अक्षर-अंकांचा बारकोड असलेले लेबल टपाल कार्यालयात नोंदणीच्या वेळी लावले जाते आणि विक्रेत्याला केवळ सुवाच्य पत्ता हवा असतो, तो ३ इंची लेबलावरही नीट मावतो. रोल विकत घेताना मधल्या पुठ्ठ्याच्या नळीचा व्यास पाहण्यास विसरू नये. मेजावरच्या छोट्या यंत्रांना सहसा १ इंची नळीचे रोल लागतात, तर ३ इंची नळीचे मोठे रोल कारखान्यातील यंत्रांसाठी असतात, आणि स्वस्त मिळाले म्हणून ते घेतल्यास यंत्राचे झाकणच बंद होत नाही.

ई-बाजारपेठेची लेबले अनेकदा ए-४ आकाराच्या पानावर, खाली बिल जोडून, येतात. ती तशीच थर्मल प्रिंटरला पाठवली तर संपूर्ण पान आक्रसून ४ इंचांत बसवले जाते आणि पाहणाऱ्याला सर्व काही ठीक दिसत असूनही बारकोड वाचला जात नाही. याचे कारण बिंदूंच्या गणितात आहे. प्रति इंच २०३ बिंदूंचा प्रिंटर म्हणजे प्रत्येक मिलिमीटरमध्ये ८ बिंदू, आणि त्याच्या ४ इंची हेडवर साधारण ८३२ बिंदू असतात. एक बिंदू सव्वाशतांश सेंटिमीटरचा, म्हणजे ०.१२५ मिलिमीटरचा असतो आणि कोणतीही रेघ पूर्ण बिंदूंचीच होऊ शकते. मूळ बारकोडातील सर्वांत बारीक रेघ २ बिंदूंची असेल आणि आक्रसल्यावर ती दीड बिंदूची झाली, तर प्रिंटर काही रेघा १ बिंदूच्या व काही २ बिंदूंच्या छापतो, जाड-बारीक रेघांचे प्रमाण मोडते, आणि याच प्रमाणात माहिती साठवलेली असल्यामुळे वाचक यंत्र गोंधळते. म्हणून बाजारपेठेच्या संकेतस्थळावर थर्मल लेबलाचा पर्याय असल्यास तोच निवडावा, नसल्यास लेबलाचा भाग कापून घेऊन छपाई शंभर टक्के मापाने करावी, आणि पानात बसवण्याचा पर्याय बंद ठेवावा. हेडवरील एखादा बिंदू जळाला तर लेबलभर, कागद सरकण्याच्या दिशेने, एक पांढरी रेघ येते. बारकोडाच्या रेघा त्याच दिशेने असतील तर त्यांतील एक रेघ पूर्ण नाहीशी होते, आडव्या असतील तर प्रत्येक रेघेला केवळ छोटीशी खोच पडते आणि कोड बहुधा वाचला जातो. स्वतः लेबल आखणाऱ्यांनी ही दिशा ध्यानात ठेवावी, आणि कोडाच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा मजकुराने भरू नये. बारकोड न वाचलेले पार्सल हाताने नोंदवावे लागते, ते मागे पडते किंवा परत येते, आणि परतीचा भुर्दंड शेवटी विक्रेत्याच्याच माथी बसतो.

मराठी अक्षरांच्या बाबतीत हे बिंदूंचे गणित अधिक कसोटीचे होते, आणि प्रिंटरच्या माहितीपत्रकांत त्याचा उल्लेखही नसतो. या यंत्रांत कायम बसवलेली अक्षरे सहसा रोमन असतात, त्यामुळे देवनागरी मजकूर संगणकातील किंवा फोनमधील फाँटने रचला जाऊन चित्र म्हणून प्रिंटरकडे जातो. रोमन अक्षराला जेवढी उंची पुरते तेवढ्यात देवनागरीला शिरोरेषा, तिच्यावरील वेलांट्या, मात्रा, अनुस्वार व रफार आणि खालील उकार असे तीन मजले सांभाळावे लागतात. २ मिलिमीटर उंचीच्या ओळीला २०३ बिंदूंच्या प्रिंटरवर अवघे १६ बिंदू मिळतात, आणि त्यात ‘श्रीगोंदा’सारख्या शब्दातील श्री, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून काळा ठिपका होतो, ३ मिलिमीटर उंचीला २४ बिंदू मिळतात आणि शब्द स्पष्ट होतो. प्रति इंच ३०० बिंदूंच्या प्रिंटरवर मिलिमीटरमागे जवळपास १२ बिंदू असल्यामुळे २ मिलिमीटरमध्येही तेवढाच सुवाच्यपणा साधतो. म्हणून पाठवणीच्या मोठ्या लेबलासाठी २०३ बिंदू पुरेसे असले, तरी ५० बाय २५ मिलिमीटरच्या छोट्या चिठ्ठीवर मराठी नाव, वजन, तारीख व किंमत छापणाऱ्यांनी ३०० बिंदूंचे यंत्र घेण्याचा विचार अवश्य करावा. फाँट युनिकोड असावा, त्याच्या रेघा सारख्या जाडीच्या असाव्यात आणि अक्षरांची पोटे मोकळी असावीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्त वापराचा मुक्ता हा फाँट या कामाला उत्तम आहे. बारीक-जाड रेघांचे नक्षीदार फाँट पत्रिकांसाठी शोभतात, थर्मल लेबलावर त्यांच्या बारीक रेघा तुटतात.

पत्त्याच्या मजकुरात सर्वांत मोठ्या अक्षरात पिन कोड असावा. टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि एकाच नावाची अनेक गावे, चुकीची अक्षरे व निरनिराळ्या भाषा यांतून वाट काढणे हाच तिचा हेतू होता. श्रीगोंद्याचा पिन ४१३७०१ आहे, तर जिल्ह्याच्या मुख्य शहराचा ४१४००१. म्हणजे टपालाच्या वर्गवारीत श्रीगोंदा ज्या ४१३ या गटात येतो तो सोलापूर शहराच्या ४१३००१ शी जुळणारा आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहमदनगरऐवजी अहिल्यानगर झाल्यापासून अनेक ग्राहकांच्या पत्त्यांत दोन्ही नावे आढळतात, परंतु पिन बरोबर असेल तर पार्सल अडत नाही. वाडी-वस्तीवर, मळ्यात राहणाऱ्या ग्राहकांच्या पत्त्याला घर क्रमांक व रस्त्याचे नाव नसते, अमक्या चारीजवळ किंवा तमक्या मंदिरामागे अशी दोन-तीन ओळींची खूण असते, आणि कुरिअरवाल्याच्या दृष्टीने तीच मोलाची असते. म्हणून लेबलाची आखणी करताना पत्त्याला कमीत कमी पाच ओळींची जागा सोडावी. टपाल खात्याने २०२५ मध्ये पुढे आणलेली डिजिपिन ही १० अक्षर-अंकांची पद्धत सुमारे ४ बाय ४ मीटरच्या चौकोनापर्यंत जागा दाखवते, आणि तिचा वापर वाढला तर वस्त्यांवरील ग्राहकांना तिचा सर्वाधिक लाभ होईल.

जोडणीच्या बाबतीत घरात संगणक आहे की सर्व काम फोनवर चालते, यावर निवड अवलंबून राहते. यूएसबीने संगणकाला जोडलेला प्रिंटर सर्वांत भरवशाचा असतो, कारण त्याचा ड्रायव्हर म्हणजे संगणक व यंत्र यांच्यातील दुभाषी प्रणाली लेबलाचे माप कायम लक्षात ठेवते. फोनवरून ब्लूटूथने छापणारी यंत्रे सोयीची असतात, परंतु त्यांतील अनेक केवळ स्वतःच्या ॲपमधूनच छापतात, म्हणून बाजारपेठेची पीडीएफ फाइल त्या ॲपमध्ये उघडते का हे खरेदीपूर्वी पाहावे. काही कंपन्यांची यंत्रे, उदाहरणार्थ डायमोची ५५० मालिका, रोलमधील चिप वाचून केवळ त्याच कंपनीची लेबले स्वीकारतात. मुंबई-पुण्यातही असे रोल सहज मिळतीलच असे नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने कोणत्याही उत्पादकाचा रोल चालेल असेच यंत्र घ्यावे. विजेची गरज फारशी नसते. एरवी घरातील दिवे-पंखे चालवणाऱ्या इन्व्हर्टरवर हे यंत्र सहज चालते, मात्र दाब वारंवार कमी-जास्त होत असेल तर सर्ज प्रोटेक्टर लावणे हिताचे ठरते. धूळ ही अवर्षणप्रवण भागातील खरी शत्रू आहे, कारण कागद व हेड यांच्यात आलेला मातीचा कण हेडवर ओरखडा काढतो. यंत्र झाकून ठेवावे, आणि प्रत्येक रोल बदलताना ते बंद करून, हेड थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापसाने पुसावे, चाकूने किंवा नखाने गोंद खरवडू नये.

हेडचे आयुष्य उत्पादक किलोमीटरमध्ये सांगतात, म्हणजे त्याखालून किती लांबीचा कागद जाऊ शकेल ते सांगतात. ३० किलोमीटरचे हेड १५० मिलिमीटरच्या लेबलांच्या हिशेबाने २ लाख लेबले छापते, आणि रोज २० पार्सले पाठवणाऱ्या घराला ते २५ वर्षांहून अधिक पुरेल. हेड त्याआधी बिघडते ते धुळीने, निकृष्ट खरबरीत कागदाने किंवा उष्णतेचे प्रमाण कायम सर्वोच्च ठेवल्याने. म्हणून छपाई वाचण्याजोगी होईल तेवढीच उष्णता ठेवावी. वेगाच्या आकड्यांना घरगुती विक्रेत्याने फार महत्त्व देण्याचे कारण नाही. लेबलामागील खर्च मात्र काटेकोरपणे मोजावा. समजा ५०० लेबलांचा रोल ४०० रुपयांना पडला, तर एका लेबलाला ८० पैसे लागतात. वर्षाला ६,००० पार्सले असतील तर हा खर्च ४,८०० रुपये होतो, आणि दोन-तीन वर्षांत तो बऱ्याच यंत्रांच्या किमतीला गाठतो. टीएससी, झेब्रा, टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्स, हनीवेल यांसारख्या कंपन्यांची यंत्रे दुकानांत व कुरिअर केंद्रांत सर्रास दिसतात, आणि त्यांची दुरुस्ती व सुटे भाग मिळण्याची शक्यता अनोळखी नावाच्या स्वस्त यंत्रापेक्षा अधिक असते. हमीपत्रात हेडची मुदत यंत्राच्या मुदतीहून वेगळी व कमी असू शकते. ती ओळ वाचूनच पैसे द्यावेत, आणि दुरुस्ती अहिल्यानगरला होते की यंत्र पुण्याला पाठवावे लागते, हे विचारून घ्यावे.

डीटी कागदाच्या लेपातील रंग आणणारे द्रव्य म्हणून दीर्घकाळ वापरले गेलेले बिसफेनॉल-ए हे आरोग्याला अपायकारक मानले जाते, आणि युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदातील त्याचे प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. दिवसभर लेबले हाताळणाऱ्या व त्याच हातांनी मसाले भरणाऱ्या घरांनी बिसफेनॉल-ए नसलेला कागद मागावा आणि लेबल लावण्याचे काम पदार्थ भरण्याच्या जागेपासून वेगळे ठेवावे.

दिवसाला दोन-चार पार्सलांपेक्षा अधिक विक्री नसेल तर थर्मल प्रिंटर घेण्याची घाई करू नये. साध्या लेसर प्रिंटरने कागदावर छापून, लेबलाचा भाग कापून पिशवीच्या पारदर्शक कप्प्यात सरकवला तर काम निभावते, मात्र इंकजेटची शाई पाण्याने पसरते म्हणून ती पावसाळ्यात टाळावी. पार्सले रोज दहाच्या पुढे जाऊ लागली आणि माल कपडे, गोधड्या, दागिने अशा प्रकारचा असेल, तर २०३ बिंदूंचा ४ इंची डायरेक्ट थर्मल प्रिंटर हीच योग्य खरेदी होय. लोणची, मसाले, तेल-तुपाचे पदार्थ विकणाऱ्या घराने थोडे अधिक पैसे घालून ४ इंची थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्यावा, बरणीसाठी रिबन व पाठवणीसाठी डीटी रोल असा तोच दोन्ही कामांना वापरावा, आणि छोट्या बरणीवर मराठी मजकूर भरपूर असेल तर तो ३०० बिंदूंचा घ्यावा. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून आपल्याच मालाचे, आपल्याच सर्वांत लांब मराठी पत्त्याचे एक लेबल छापून घ्यावे, ते तेलाच्या हाताने पुसून, पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवून पाहावे, आणि मगच यंत्र घरी आणावे.